घरचं एक माणूस

कमळाक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते फक्त कमरेपासून गुडघ्यापर्यंत. ऑनलाइन शाळेत दहावीला प्रवेश घेतलेल्या मुलांच्या पालकांची बैठक होती आणि मी नियम समजावून सांगत होते. बाकीचे पालक आपापल्या खुर्च्यांत रेलून बसलेले, कुणी चहा पीत होतं, कुणी दुसऱ्याच फोनवर होतं. एका चौकटीत मात्र नुसत्या हिरव्या साडीच्या निऱ्या दिसत होत्या. मला वाटलं, कॅमेरा वाकडा लागलाय. नीट करा म्हणून सांगितलं, तेव्हा निऱ्यांच्या वरून कुठूनतरी आवाज आला, "परवागिल्ला टीचर, असू दे, तुम्ही बोला. शिकवणारं माणूस बोलत असताना मी बसू कशी?" बैठक संपेपर्यंत त्या उभ्याच होत्या.

माझं माहेर साताऱ्याचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे मैसूरला आले, गोकुलममध्ये बिऱ्हाड केलं आणि काही वर्षांनी या ऑनलाइन शाळेत गणित शिकवायला लागले. दहावीच्या एका तुकडीची जबाबदारीही माझ्याच गळ्यात पडली. मी नियमांची बाई आहे. नवरा म्हणतो, ही सासरीसुद्धा वेळापत्रक घेऊन आली. लोकांना वाटतं, ऑनलाइन म्हणजे सवलत. दर वर्षी मी घसा कोरडा करून सांगते की प्रकरण उलट आहे. मुलानं दर आठवड्याला स्वतः वर्गात यायचं, स्वतःचा अभ्यास स्वतः करून पाठवायचा, चाचणीला कॅमेरा चालू ठेवायचा, आपलं खातं दुसऱ्या कुणाला वापरू द्यायचं नाही. पहिल्या पंधरवड्यात मूल प्रत्यक्ष दिसलं नाही, तर त्याचं नाव कमी होतं. आणि एकदा कमी केलेलं नाव आमच्याकडे पुन्हा घेत नाहीत.

कमळाक्का मैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्या. बोलायच्या मराठीच, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नसायचा. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्या आणि वर्षभरातच त्यांची एकुलती मुलगी आजारपणात दगावली. मागे राहिली नात, श्रुती, तेव्हा नववीत. आई गेल्यावर श्रुती आधी शाळेत जायची थांबली, मग खोलीतून बाहेर यायची, आणि मग बोलायचीही. डॉक्टर झाले, औषधं चालू होती. हजेरी नाही म्हणून जुन्या शाळेनं नववीचा दाखला हातात देऊन नाव काढून टाकलं.

श्रुतीचे वडील हुणसूरला तंबाखूच्या वखारीत कामाला. बायकोपासून ते आधीच वेगळे झाले होते, दुसरं लग्न केलं होतं, घरात तान्हं मूल होतं. अधूनमधून रविवारी ते बसनं यायचे आणि सासूला ऐकवायचे की शाळाच नाही तर मुलगी इथे कशाला, तिकडे आली तर घरात हातभार तरी लागेल. कमळाक्का त्यांना एकच उत्तर द्यायच्या: तिचं नाव शाळेत आहे. ते नाव होतं ते फक्त माझ्या तुकडीत.

वर्ग सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी श्रुतीच्या नावाच्या चौकटीत पुन्हा निऱ्या दिसल्या, या वेळी जांभळ्या. मी हजेरी घेतली, तर निऱ्यांनी "येस टीचर" म्हटलं. मध्येच एक वही कॅमेऱ्यासमोर आली आणि फळ्यावरचं वर्गसमीकरण त्यात मुकाट्यानं उतरून घेतलं गेलं. बाकीची पोरं तोंडावर हात धरून हसत होती. आठवडाभर असंच चाललं. शनिवारी श्रुतीच्या खात्यातून गृहपाठ आला. अक्षर थरथरतं, उत्तरं बहुतेक चुकलेली, आणि शेवटी सही: श्रुतीकरता, कमळा.

मी फोन लावला. रागातच लावला होता. वर्गात तुम्ही का येता, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ती उठत नाही टीचर, पापा, बिचारी काय करणार? म्हणून मी येते." मी म्हटलं, असं चालत नाही. त्यांना खरंच नवल वाटलं. "नोडी, बघा, लग्न असू दे, मयत असू दे, आमच्यात घरचं एक माणूस जाऊन आलं की सगळं घर आलं असं धरतात. घर सोडून सगळ्यांनी जायचं असतं काय? तुमच्या वर्गात घरचं एक माणूस उभं आहे ना, अल्वा?"

माझा राग तिथेच गळाला. लबाडी करणारं माणूस खाली स्वतःची सही करत नाही. या बाईनं आयुष्यभर हळदीकुंकवापासून तेराव्यापर्यंत घराच्या वतीनं हजेरी लावली होती, आणि ती कुणी कधी नाकारली नव्हती. पण नियम मला सांगावाच लागला. तुम्ही अजून एकदा आलात तर श्रुतीचं नाव कायमचं जाईल, असं मी म्हटलं.

मुख्य कार्यालयाला मी सगळं कळवलं. पंधरवडा संपायच्या आत श्रुतीनं कॅमेऱ्यासमोर यावं आणि वर्गात राहायचं आहे की नाही ते स्वतःच्या तोंडानं सांगावं, असं त्यांनी ठरवलं. आजीनं जवळ बसावं, पण बोलू नये. मुलीनं स्वतःहून यंदा थांबते म्हटलं आणि पालकानं संमती दिली, तर पुढच्या वर्षी दार उघडं राहील. काहीच बोलली नाही, तर नाव कमी.

हे ऐकून कमळाक्का दुसऱ्या दिवशी बस बदलून गोकुलमला माझ्या घरी आल्या. गल्लीत योगाच्या चटया काखेत मारून परदेशी पोरी चाललेल्या, आणि या माझ्या पायरीवर घामानं भिजून बसलेल्या. आत यायला तयार नव्हत्या. माझ्या वाटणीचं काही काम असेल तर सांगा म्हणत होत्या. वह्या लिहिते, परीक्षेला बसते, तुमच्या कार्यालयाच्या दारात उभी राहते. आमचं कार्यालयही ऑनलाइनच, त्याला दार असं नाहीच, हे त्यांना कसं समजावणार? मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रागावून झालं. गोड बोलून झालं. काल तिच्या पाया पडले टीचर. आजीनं नातीच्या पाया पडायचं असतं काय?" मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात तसंच धरून ठेवलं.

ठरलेल्या सकाळी त्यांनी लॅपटॉप श्रुतीच्या खोलीत नेला. भिंतीकडे तोंड करून, पांघरूण डोक्यावर ओढून श्रुती निजली होती. पलंगापाशी कमळाक्का जमिनीवर बसल्या होत्या. पडद्यावर त्यांचा चेहरा मला दिसला तो तेव्हाच पहिल्यांदा. बारीक, काळीसावळी बाई, डोळे सुजलेले. बोलायचं नाही म्हणून त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

मी माझं नाव सांगितलं. गणित शिकवते म्हणून सांगितलं. मग विचारलं, श्रुती, तुला या वर्गात राहायचंय का? पुन्हा विचारलं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. नातीच्या पाठीवर हात ठेवायला कमळाक्कांनी हात उचलला आणि तसाच मागे घेतला. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, एक शब्द दे, कुठलाही दे.

पांघरुणातून आवाज आला, घोगरा, न वापरलेला. "ई वर्षा बेडा, टीचर." यंदा नको. मग मराठीत, "मला जमणार नाही. अज्जीला तुम्ही सांगा."

अज्जी हातभर अंतरावर बसली होती.

आता पालकाला बोलायची परवानगी होती. संमती आहे का, असं मी विचारलं. त्या हो म्हणाल्या, तर जावयाला द्यायला त्यांच्याकडे उत्तरच उरणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्यांनी पदर तोंडातून काढला, डोळे पुसले. "आयितु, झालं तर," त्या म्हणाल्या. "ती म्हणते तसं लिहा." आणि मग त्या हमसून हमसून रडल्या. मलाही रडू आवरलं नाही. नियमांच्या बाईनं कामाच्या वेळेत रडू नये, पण रडले.

रविवारी जावई आले. पुढचं कमळाक्कांनीच मला फोनवर सांगितलं. नाव कुठे आहे म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा या म्हणाल्या, "तिलाच विचारा. यापुढं तिच्या वतीनं मी सुम्ने, उगाच बोलणार नाही." वडिलांनी दाराबाहेरून विचारलं, हुणसूरला येतेस का. आतून आलं, बेडा. ते चहासुद्धा न घेता निघून गेले.

त्यानंतर कमळाक्कांचे फोन येत राहिले. आज तिनं डोकं धुतलं. आज स्वयंपाकघरात येऊन कॉफी प्याली. आज फाटकापर्यंत गेली, स्वल्प वेळ उभी राहिली. मध्ये आठ-आठ दिवस पुन्हा काहीच नसायचं, तेव्हा त्यांचा आवाज पार खोल जायचा. मला वाटायचं, या बाईचा धीर आता सुटणार. पण पुन्हा फोन यायचा.

पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू व्हायच्या थोडं आधी कमळाक्का गेल्या. सकाळी कॉफी करता करता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी भेटायला गेले, तर ओसरीवर श्रुतीचे वडील फोनवर हुणसूरच्या बसची चौकशी करत होते. पायाशी श्रुतीची भरलेली बॅग होती. आत श्रुती भिंतीला टेकून बसली होती. तोंडावर पांघरूण नाही, केस विंचरलेले. आजीसारखीच बारीक.

तिनं मला आवाजावरून ओळखलं. मी शेजारी बसले. ओसरीकडे एकदा पाहून तिनं हळूच विचारलं, "टीचर, पालक म्हणून अप्पा नको असले, तर प्रवेश मिळतो काय?"

पालकाच्या संमतीशिवाय प्रवेश नाही, हे मी झोपेतही सांगेन.

"मिळतो," मी म्हटलं. कसा, ते मला माहीत नव्हतं.