संकटाच्या पेटीतल्या दोन बाटल्या

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. मुलांना लहानपणापासून घरात जी हकिकत ऐकू आली ती त्यांनी खरी मानली, आणि मीही ती तशीच राहू दिली. आता ती दुरुस्त करणारा माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही.

हैदराबाद राज्याची भाषेप्रमाणे वाटणी होणार असं ठरलं, तेव्हा आम्ही हैदराबाद शहरात, गौलीगुड्यात दोन खोल्यांत राहत होतो. आई, मी आणि माझी बायको. कचेरीतले मराठी लोक एकेक करून मुंबई राज्यात जायला निघाले होते. मी जायचं की राहायचं, हे ठरेना. रोज नवी अफवा यायची. बाजार बंद होणार, नळ बंद होणार, दंगल होणार. काही वर्षांपूर्वी याच शहरात भीतीचे दिवस काढले होते, त्यामुळे मला कुठलीच अफवा खोटी वाटत नसे.

म्हणून मी एक पत्र्याची पेटी भरली. चणे, गूळ, मीठ, घासलेट, मेणकापडात गुंडाळलेल्या काड्यापेट्या, दोरी, रेशनकार्ड. आईला दमा होता, तर कंपाउंडरकडून तिच्या औषधाची एक जादा बाटली आणली. तिच्याशेजारी सांधे चोळायच्या औषधाची बाटली ठेवली. दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्हींचा वास सारखाच नाकात झोंबणारा. चोळायचं औषध पोटात गेलं तर विष, एवढं मी बायकोला बजावून ठेवलं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र उर्दूत लिहिल्या.

माझं शिक्षण उर्दूत झालं, नोकरीही उर्दूतच. कचेरीत आता इंग्रजी कागद वाढत चालले होते आणि माझ्या वळणदार अक्षराला कोणी विचारत नव्हतं. घरात तरी त्याची किंमत राहावी, असं मला वाटत असावं. बायको पुण्याकडची. तिला उर्दूचा एक अलिफही येत नव्हता.

"अहो, हे मुंग्यांचे पाय मी कसे वाचू? मराठीत लिहा की."

"शिक. पंधरा दिवसांत येईल."

"आणि संकट चौदाव्या दिवशी आलं तर?"

आई हसायची. म्हणायची, "इंग्रजांच्या मुलखातली आहे ती. तिला आपलं कसं यावं!"

रविवारी मी दोघींकडून सराव करून घ्यायचो. मी टाळी वाजवली की चूल विझवायची, पेटी उचलायची, दाराशी यायचं. बायको एकदा म्हणाली, "आधी पेटी उचलू की सासूबाईंना? एकदाच सांगून ठेवा." मला हसू आलं नाही. मी खरंच विचारात पडलो.

एका हरताळाच्या दिवशी मी कचेरीत अडकलो. दुपारी कसाबसा चालत गल्लीच्या तोंडाशी आलो, तर समोरून बायको धावत येत होती. अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला, दोन्ही हातांत एकेक बाटली. आईला सकाळपासून धाप लागली होती. रोजची बाटली आदल्याच दिवशी संपलेली. डॉक्टरांचा दवाखाना बंद. शेजारचे पुरुष बाहेर, आणि त्यांच्या बायकांना कुठलीच लिपी येत नव्हती. तिनं दोन्ही हात पुढे केले.

"कोणती?"

मी डाव्या हाताकडे बोट दाखवलं.

औषध पोटात गेल्यावर तासाभरानं आईचा श्वास जागेवर आला. संध्याकाळी काका-काकू विचारपूस करायला आले. आई तक्क्याला टेकून बसली होती. ती म्हणाली, "औषध घरात होतं. ही हातात धरून बघत राहिली. माझा जीव जायची वाट बघत होती की काय, कोण जाणे!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. काकांसमोर मी तिला म्हणालो, "तुला दाखवून ठेवलं होतं ना मी?"

मी दाखवलं नव्हतं. ती तसं म्हणेल म्हणून मी धास्तावलो होतो. ती उठून चहा करायला गेली.

आईनं दुसऱ्या दिवसापासून कोठीच्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला लावल्या. पुढं नऊ वर्षं तिनं सुनेच्या हातून औषध घेतलं नाही, आणि लग्नकार्यात, हळदीकुंकवाला ही हकिकत सांगितली. आठवड्याभरानं मी चिठ्ठ्या मराठीत केल्या. बायकोनं त्या वाचल्या, पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "बरं केलंत." तो टोमणा होता की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आई गेल्यावर सांगू, असं ठरवलं होतं. मग मुलं मोठी झाल्यावर. मग आम्ही हैदराबादेतच कुकटपल्लीच्या घरात राहायला गेल्यावर. मागच्या वर्षी बायको दवाखान्यात होती. मुलगा खाली गेला होता, खोलीत आम्ही दोघंच. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"काही म्हणायचंय का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"उशी नीट करू का?" मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मी उशी नीट केली. चार दिवसांनी ती गेली.

चूक माझी होती, तू बरोबर वागलीस, आणि त्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. मला एवढंच म्हणायचं होतं.