गोळ्यातला शेंदूर

आमच्या थळच्या कोळीवाड्यात माणसाची किंमत वाट्यावर ठरायची. दर्यावर जाईल त्याला मासळीचा पुरा वाटा. जमिनीवर राहील तो कितीही मर मर मरो, त्याला अर्धा. सदा अर्ध्या वाट्याचा माणूस. त्याचा बाप वादळात गेला तेव्हा आईने, कृष्णाबाईने, लेकाला शपथ घातली की होडीत पाय ठेवायचा नाही. मग तो मुंबईला मोटारींच्या कारखान्यात राहिला, काम शिकला, आणि आई थकली म्हणून परत आला. आमच्या लोकांनी त्याला 'सुका सदा' नाव ठेवलं. नावं ठेवण्यात आम्हाला कोणी हरवणार नाही.

१९३४च्या सुमारास कोळीवाड्याने मिळून एक जुनी लॉरी घेतली. वारा पडला की शिडाची होडी मुंबईला पोचेपर्यंत मासळी नासायची. तीच लॉरीने रेवसला नेऊन आगबोटीवर चढवली की ताजी विकली जायची. लॉरी चालवणारा सदा, दुरुस्त करणाराही सदाच. नवगावच्या शकूचं आणि त्याचं मन जुळलं होतं, पण तिच्या बापाने साफ सांगितलं होतं की अर्ध्या वाट्याच्या माणसाला पोरगी देणार नाही. तेव्हा अंबाजी तांडेलाने भर बैठकीत शब्द दिला. तांडेल होड्यांचा मुखत्यार, आणि होड्यांबरोबर आमच्या डोक्यांचाही. "होलीला गारी धावती दिसली, तं सदाला पुरा वाटा," तो म्हणाला. शकूचा बाप होळीपर्यंत थांबायला कबूल झाला.

मग नारळी पुनव आली. होड्या सजल्या, दर्याला नारळ वाहिला, आणि अंबाजीच्या डोक्यात आलं की लॉरीलाही दर्यात न्यायची. सदा नुकताच रेवसहून पाहुणे घेऊन आला होता.

"जिच्यातून मासली जाते, तिला दर्याची ओलख नको?" अंबाजी म्हणाला.

"तांडेल, मागचा गोला तापलाय. आत्ता थंड पान्यात घातला तं खारं पानी आत ओढंल. सांजपर्यंत निवू द्या."

"तुझ्या गारीसाठी दर्या भरती थांबवंल काय?"

लोक हसले. मागच्या दोन चाकांच्या मधोमध आसावर लोखंडी गोळा असतो. त्याच्या आत दातेरी चाकांची जोडी तेलात फिरते आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देते. कारखान्यात त्याला डिफरन्शियल म्हणतात. तो गोळा बुडेपर्यंत आमच्या गड्यांनी लॉरी पाण्यात ढकलली, वर गुलाल उधळला आणि नाचले. सदा काठावर उभा राहून बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने गोळ्यातलं तेल बदलायला एक दिवस मागितला. हंगाम तोंडावर, कोण देतो! मासळी येत राहिली, लॉरी पळत राहिली. दिवाळीपर्यंत गोळा कण्हू लागला, मग ओरडू लागला. सदा रोज सांगायचा, रोज लोक म्हणायचे, चालतेय ना? मार्गशीर्षात रेवसच्या रस्त्यावर ती थांबली. इंजिन चालू, चाकं जागच्या जागी. गोळा उघडला तर तेलाचं ताक झालेलं आणि तळाशी दातांचा चुरा. ज्यांनी ती पाण्यात ढकलली तेच म्हणाले, सुक्याच्या हाताला यश नाही. मला त्या वेळी एकेकाच्या कानफटात द्यावीशी वाटली.

सदा सुटे भाग शोधायला निघाला. पेणच्या बाजूला त्याच जातीची एक लॉरी उलटून मोडलेली पडली होती. तिच्या मालकाला विचारून त्याने गोळ्यातली सगळी जोडी काढून आणली. लॉरीचं मागचं अंग ओंडक्यांवर उचललं, आस सोडवला, आतलं सगळं रॉकेलने धुतलं आणि नवी जोडी बसवली. खरं काम यापुढेच होतं. दाताला दात नेमका मधोमध भिडला पाहिजे, नाहीतर गोळा पुन्हा ओरडणार आणि पुन्हा झिजणार. म्हणून त्याने आईकडून शेंदूर मागून घेतला, तेलात कालवला, दातांना लावला आणि चाक हाताने फिरवलं. शेंदूर पुसला जातो तिथे दात भिडतो. भिडला कडेला. सगळं सोडवून, दात मधोमध सरकावा म्हणून आत बसवलेली पत्र्याची एक पातळ चकती काढली, पुन्हा लावलं, पुन्हा शेंदूर. असे कितीतरी दिवस गेले, तो गाडीखालीच असायचा.

जाता-येता लोकांना दिसला तो फक्त शेंदूर. वाड्यातल्या सोनाबाईने येऊन फूल ठेवलं. दुसरीने नारळ फोडला. सदा गाडीखालून ओरडायचा, "अगो, देव न्हाय त्यो, खूण हाय!" कोण ऐकतंय!

लॉरी होळीच्या आधी धावू लागली. गोळ्याचा आवाज म्हणून नाही. होळीच्या रात्री बैठक बसली आणि सदा धुतलेला सदरा घालून आला. अंबाजी उठला. "गारी देवानं चालवली," तो म्हणाला, "सगल्यांनी बघितलंय. सदाला जो अर्धा वाढवून द्यायचा, तो गोल्यातल्या देवाला."

कृष्णाबाई उठून ओरडली, "मेल्यांनो, शेंदूर माझ्या घरचा व्हता!" तिला बायकांनी धरून खाली बसवलं. सदा उठून बाहेर निघून गेला. त्याने बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण बोलून काय झालं असतं, तेही ठाऊक आहे.

शकूच्या बापाने वैशाखात तिला वरसोलीच्या एका खलाशाला दिली. पुऱ्या वाट्याचा माणूस. नवगावहून वऱ्हाड न्यायला त्यांनी आमचीच लॉरी मागितली, आणि अंबाजीने ती सदासकट पाठवली. चढण्याआधी नवरीला मागच्या गोळ्यापुढे नेलं. आता त्यावर बाहेरूनही शेंदूर थापला होता.

"पाया पर," बाप म्हणाला.

"कुनाच्या? हा शेंदूर सदानं लावलाय," शकू मोठ्याने म्हणाली. बापाने मानेला धरून तिचं डोकं खाली दाबलं.

सदा पुढे बसून समोर बघत होता. त्याने गाडी सुरू केली. मागे बायका गाणी म्हणत होत्या, आणि गाण्यांच्या आड शकू रडत होती. जुना गोळा असता तर त्याच्या ओरडण्यात काही ऐकू आलं नसतं. पण सदाने काम फार चोख केलं होतं. वरसोली येईपर्यंत त्याला तिचा प्रत्येक हुंदका ऐकू आला.