श्वास पोटात, बार पाठीवर

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आठव्या दिवशी नळाला पाणी यायचं. आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं, ही आमच्या सिडकोतल्या घरोघरची सवय. अशाच एका सकाळी वीस लिटरचा भरलेला कॅन उचलून ओट्यावर ठेवायला गेलो आणि कमरेत काहीतरी सटकलं. ओल्या फरशीवर मी गुडघ्यांवर बसलो तो बायकोनं आणि शेजाऱ्यांनी धरून उठवेपर्यंत तसाच.

तीन आठवडे पडून काढले. नंतर डॉक्टर म्हणाले, "पट्टा बांधून जन्मभर फिरणार आहात का? वय त्रेपन्न म्हणजे काही म्हातारपण नाही. पाय आणि पाठ बळकट करा."

म्हणून मी जिममध्ये गेलो. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसानं या वयात ट्रॅक पँट घेणं मला अवघड गेलं, पण घेतली. टीव्ही सेंटरच्या मागच्या गल्लीत, एका तळघरात ती जिम होती. तिच्या मालकाला सगळे भाई म्हणायचे. तरुणपणी त्यांनी स्वतः पुष्कळ वजनं उचलली होती. आता गुडघे गेले होते, त्यामुळे ते बहुतेक वेळ दाराशी खुर्चीत बसून शिकवायचे. पाठीवर बार घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, म्हणजे स्क्वॉट, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवलं. म्हणाले, "सर, कमर नंतर देखेंगे. पैले साँस सीखो."

मी हसलो. माझे आजोबा भिक्षुकी करायचे. मुंज झाल्यापासून पूरक, कुंभक, रेचक मला पाठ. श्वासाचं मला काय शिकवणार हे, असं मनात आलं.

तिसऱ्या आठवड्यात बारावर चाळीस किलो लावले होते. छातीत श्वास कोंडून खाली गेलो आणि तळाशी पोचल्यावर आतली सगळी हवा निघून गेली. पाठ वाकली. उठायचा प्रयत्न केला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. नशिबानं दोन्ही बाजूंना आडव्या दांड्या होत्या, बार त्यांच्यावर आदळला आणि मी खालून सरपटत बाहेर आलो. सगळी जिम माझ्याकडे बघत होती.

कोपऱ्यातून एक बाई आल्या. मी त्यांना रोज बघत होतो, पण कधी बोललो नव्हतो. अडतीस-चाळिशीच्या, बांध्यानं मध्यम, ट्रॅक पँटवर पंजाबी ड्रेसचा कुडता. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सर, बीपी हाय का तुम्हाला?"

"गोळी चालू आहे."

"मग डॉक्टरला ईचारल्याशिवाय असा श्वास कोंडायचा नाय. तवर रिकामा बार."

त्यांच्या आवाजात दटावणं होतं आणि काळजीही होती. मला राग यायला हवा होता, पण नाही आला.

जिममध्ये सगळे त्यांना ताई म्हणायचे. त्या फुलंब्रीच्या. सकाळच्या पहिल्या एसटीनं शहरात यायच्या, तासभर व्यायाम करायच्या आणि आठच्या ड्यूटीला एका दवाखान्यात हजर व्हायच्या. तिथं त्या मदतनीस होत्या. पेशंटला खाटेवरून स्ट्रेचरवर घ्यायचं, कूस बदलायची, उठवून बसवायचं, हे त्यांचं काम. कुणाचं वजन नव्वद किलो, कुणाच्या पायाला प्लास्टर, आणि बहुतेकांना दुखत असतं, त्यामुळे झटका देऊन चालत नाही.

डॉक्टरांनी हलक्या वजनांना परवानगी दिली, श्वास फार वेळ रोखायचा नाही एवढी अट घातली. ते सांगितल्यावर ताईंनी मला चटईवर उताणं झोपवलं. गुडघे वर. एक हात छातीवर, एक पोटावर.

"आता घ्या श्वास."

मी आजोबांनी शिकवलेला, माझ्या मते उत्तम, दीर्घ श्वास घेतला.

"कुठला हात हालला?"

छातीवरचा. पोटावरचा जागच्या जागी होता.

"तुमचा श्वास खांद्यात राहतो, सर," ताई म्हणाल्या. "पूजेला बसताना चालंल. बार पाठीवर असल्यावर खांद्यातल्या श्वासाचा काय उपेग? आधार कमरेला पायजे."

दोन-तीन दिवस मी नुसता झोपून पोटावरचा हात हलवत होतो. मग त्यांनी बरगड्यांच्या खाली, दोन्ही कुशींत बोटं रोवायला सांगितली. "खोकून बघा." मी खोकलो. बोटांखाली एकदम काहीतरी टणक उभं राहिलं.

"लागली का भिंत?"

"लागली."

"ती खोकला नसताना उभी करायची. पोट आत नाय ओढायचं. कुणी बुक्की मारणार असंल तर आपण कसं होतो, तसं व्हायचं. पुढं, बाजूला, मागं, सगळीकडून."

मी विचारलं, "पण हवा पोटात जाते कशी?"

"हवा छातीतच जाती, सर. छातीच्या खाली पडदा हाय, तो खाली दाबला की पोटाला चहूबाजूनं जोर येतो. तो जोर मणक्याला धरून ठेवतो." आणि मग जराशा संकोचानं, "मला हे आमच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं. मी बारावी नापास."

हळूहळू त्यांची हकीकत कळत गेली. दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. दुसऱ्यानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले राहिले. खाटेवरून उठायला गेलं की पोटावर उंचवटा यायचा. कंबर सतत दुखायची. पेशंट उचलताना एकदा हात सैल पडले आणि म्हातारे गृहस्थ थोडक्यात वाचले. त्यांना काही झालं नाही, पण ताई त्या दिवशी जिन्यात बसून रडल्या. नोकरी सोडावी असं त्यांच्या मनात आलं होतं. त्या मॅडमनी त्यांना सहा महिने नुसता श्वास शिकवला. खाट, मग भिंत, मग खुर्चीवरून उठणं. शेवटी म्हणाल्या, आता वजन उचलायला लागा.

गावात हसले लोक. सासूबाईंनी विचारलं होतं, "म्हैस उचलायला चालली का गं?" पण पहाटे मुलांचं सगळं त्याच बघायच्या, म्हणून तर सुनेला पहिली एसटी सापडायची.

मी शिकत गेलो. खाली जाण्याआधी श्वास, भिंत उभी, मग खाली. वर येताना अवघड टप्पा ओलांडायला लागलो की दातांतून सस्स करत थोडी थोडी हवा सोडायची. माझ्यासाठी ही सोय, रक्तदाबामुळे. वर आल्यावर पुन्हा नवा श्वास. एका श्वासात दोनदा बसायची घाई नाही. पावसाळा संपेपर्यंत चाळीस किलो पाठीवर घेऊन मी पाच वेळा सरळ पाठीनं उठू लागलो. कंबर दुखली नाही. त्या दिवशी कॉलेजात पहिल्या तासाला मी उगाचच खूश होतो.

ताईंचं स्वतःचं वजन उचलणं मात्र बघत राहावं असं होतं. शंभर किलो लावले की त्या एक मिनिट बारासमोर नुसत्या उभ्या राहायच्या. रुंद चामडी पट्टा बांधायच्या, फार घट्ट नाही. पट्ट्याविषयी त्या म्हणायच्या, "ह्यो काय आपल्याला धरत नाय. आपण पोटानं ह्याला ढकलायचं." मग बाराखाली जाऊन दोन पावलं मागं. नाकातोंडानं श्वास आत. खांदे तसूभरही वर नाहीत, फक्त पट्टा भोवतीनं करकचायचा. नंतर सगळं थांबायचं, चेहरासुद्धा. त्या खाली जायच्या आणि त्याच चालीनं वर यायच्या. वर आल्यावर एक मोठा फुत्कार, आणि पुन्हा आमच्या नेहमीच्या ताई.

डिसेंबरात शहरात पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा होत्या. भाईंनी त्यांचं नाव दिलं. "हारे तो हारे, क्या बिघडता? एक बार स्टेज पे उभे तो रहो," असं समजावत होते. ताईंची अडचण वेगळी होती. स्पर्धेत अंगाला चिकटणारा पोशाख घालावा लागतो आणि सासूबाई तर बघायला येणार म्हणत होत्या. आठ दिवस त्यांनी पोशाखाची गोष्ट घरी सांगितली नाही. शेवटी सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काष्टा मारून गुडघाभर चिखलात उभ्या राहायचो, तवा कोण पांघरूण घेऊन यायचं?"

स्पर्धेला मी त्या दोघींना गाडीतून घेऊन गेलो. सासूबाई नऊवारीत, डोक्यावरून पदर, हातात भाकरीचं गाठोडं. सभागृहात इतक्या मोठ्या आवाजात गाणी लागली होती की त्यांनी आल्या आल्या कानांवर हात ठेवले. नियम मी त्यांना समजावून सांगितले. प्रत्येकीला तीन संधी. एकदा लावलेलं वजन कमी करता येत नाही. तीन पंच बसतात, दोघांचा पांढरा दिवा लागला की उचल मान्य.

पहिल्या संधीला ताईंनी शंभर किलो घेतले. तीन पांढरे दिवे. सासूबाईंना कळायच्या आत झालंसुद्धा. "एवढंच?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या संधीला एकशे दहा. हे वजन त्यांनी जिममध्ये एकदाच उचललं होतं. ताई खाली गेल्या, अगदी तळाशी पोचल्या, आणि नेमका त्याच क्षणी ध्वनिक्षेपक कर्कश किंचाळला. सगळं सभागृह दचकलं. ताईंच्या तोंडातून हवा सुटलेली मला समोरून दिसली. छाती पुढं कलली, बार मानेकडं सरकला. दोन्ही बाजूंच्या माणसांनी झडप घालून तो पेलला नसता तर काय झालं असतं, मला विचार करवत नाही. तीन लाल दिवे.

भाई दुखऱ्या गुडघ्यांनिशी थेट पंचांच्या टेबलापाशी गेले. "ये कैसा इंसाफ है? माइक तुम्हारा चिल्लाया, गलती हमारी?" ते भांडत होते, पंच मान हलवत होते. ताईंनी मागून जाऊन भाईंच्या दंडाला हात लावला.

"भाई, राहू द्या."

"अरे पण—"

"दवाखान्यात मी पेशंट उचललेला असताना कुणी दार आपटलं, तर मी त्याला सोडून देते का? श्वास पक्का नव्हता माझा. पुन्हा एकशे दहाच लावा."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत, किंवा मोठेपणा मिरवायलाही नाही. आपली एक चूक सापडल्यासारखं, साधं.

त्यांची पाळी यायला आठ-दहा मिनिटं होती. त्या भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. भाई पाणी देत होते, ते नको म्हणाल्या. मग सासूबाईंना म्हणाल्या, "आत्याबाई, जरा इकडं या. माझ्या कमरेला दोन्ही हात लावा. दाबून."

सासूबाईंनी भाकरीचं गाठोडं माझ्याकडे दिलं आणि सुनेच्या दोन्ही कुशींत हात रोवले. ताईंनी डोळे मिटून श्वास घेतला.

"आला का हाताला?"

"थोडा. डाव्या अंगाला नाय आला."

ताईंनी सोडला, परत घेतला.

"आता?"

"आता आला. आगं बया, लई टणक लागतंय." मग हात न काढता, "भारा डोक्यावर घेताना आमचं बी असंच होतंय बघ. कुणी शिकवलं नाय कधी."

ताई हसल्या.

नाव पुकारलं. पट्टा, बार, दोन पावलं मागं. मी सासूबाईंशेजारी उभा होतो आणि माझाही श्वास नकळत पोटात गेला होता. पंचाचा इशारा झाला. त्या खाली गेल्या. वर येताना मधल्या टप्प्यावर बार थांबला. दोन सेकंद, कदाचित तीन. गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या दिसत होत्या, पण पट्टा तसाच ताणलेला होता, पाठ तशीच. कुणीतरी ओरडलं, गाणं कुठंतरी वाजत होतं. बार हलला. आधी बोटभर, मग वीतभर, आणि मग त्या सरळ उभ्या होत्या. पंचानं ठेव म्हणेपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही.

दोन पांढरे, एक लाल. मान्य.

भाई रडत होते आणि ते कबूल करत नव्हते. सासूबाई स्टेजच्या पायऱ्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या, सून खाली उतरल्यावर तिच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी कानशिलांवर बोटं मोडली. स्क्वॉटनंतर आणखी दोन प्रकार होते, उताणं झोपून छातीवरून बार ढकलणं आणि जमिनीवरून उचलणं; तिन्ही मिळून ताई चौथ्या आल्या. पदक नाही, एक कागदी प्रमाणपत्र, त्यावर नावही चुकीचं लिहिलेलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. बाहेर कट्ट्यावर बसून आम्ही चौघांनी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

त्या दोघींना फुलंब्रीला सोडायला निघालो, तर हर्सूल यायच्या आत ताई मागच्या सीटवर गाढ झोपल्या. पुढच्या सीटवर सासूबाई भाकरीच्या फडक्याची घडी घालत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "सर, तो लाल दिवा लावला त्या पंचाला दिसत नव्हतं का नीट?"

मी म्हटलं, नियमाप्रमाणे मांडी पुरेशी खाली गेली नाही असं त्याला वाटलं असेल.

"वाटलं असंल," त्या म्हणाल्या. "त्याला म्हणावं, एक दिस ये फुलंब्रीला. मंग सांगते त्याला, खाली कशाला म्हणत्यात."

सोमवारी सकाळी मी जिममध्ये पोचलो तेव्हा चटईवर दोन नव्या मुली उताण्या झोपल्या होत्या. ताईंच्याच दवाखान्यातल्या, वॉर्डात काम करणाऱ्या. एक हात छातीवर, एक पोटावर. ताई त्यांच्यामध्ये बसून विचारत होत्या, "कुठला हालला? खरं सांगा."