शांत गोऱ्ह्यांचं वजन

माझ्या पीएचडीच्या एक्सेल शीटला चौदा रकाने होते. तेरा रकान्यांत आकडे आणि चौदाव्या रकान्यात 'शेरा'. प्रबंध तेरा रकान्यांवर पूर्ण झाला. चौदाव्यात काय लिहिलंय हे कुणी विचारलंच नाही. आणि आता मित्रमंडळी जेवायला जमली की गंमत अशी होते की आकडे फारसे आठवत नाहीत, शेरे मात्र सगळे आठवतात. परवा कुणीतरी म्हणालं, लिहून काढ एकदा. म्हणून हे.

आधी थोडं कामाबद्दल. मी पशुवैद्यक, मूळची अकोल्याची. फेब्रुवारी २०२० मध्ये नेदरलँड्सला आले. विषय असा की गोऱ्ह्याचा स्वभाव कसा आहे, यावर त्याची वाढ आणि त्याचं मांस किती अवलंबून असतं. दर तीन आठवड्यांनी प्रत्येक गोऱ्ह्याला खोड्यात घ्यायचं. खोडा आपल्याकडे जनावरांच्या दवाखान्यासमोर असतो तसाच, फक्त लोखंडी आणि खाली वजनकाटा. आत तो किती धडपडतो त्याला एक ते पाच गुण. एक म्हणजे निवांत उभा. पाच म्हणजे खोडाच घेऊन चालला. मग पुढचं दार उघडायचं आणि तो किती वेगाने बाहेर पडतो ते मोजायचं. सावकाश बाहेर पडणारे सहसा जास्त भरतात आणि त्यांचं मांस मऊ निघतं, ते आम्हाला नीट तपासायचं होतं.

मी येऊन महिना होतोय तोवर कोरोनामुळे विद्यापीठ बंद झालं. माझी गाईड एल्सा, ती लॅपटॉपच्या चौकोनात गेली. पण वाढती जनावरं थोडीच थांबतात? तेव्हा मी रोज सायकल काढून पूर्वेकडच्या एका खेड्यातल्या गोठ्यावर जायला लागले. तिथे चौसष्ट गोऱ्हे होते आणि त्यांचा मालक हार्म होता. साठीचा, उंच, दाढीवाला, दिवसाला चाळीस शब्द बोलणारा. पुढचं वर्षभर मी प्रत्यक्षात सगळ्यात जास्त पाहिलेला माणूस तोच.

* * *

गुण दोघांनी द्यायचे असा नियम होता. एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. मी एका बाजूला, हार्म दुसऱ्या बाजूला, मध्ये कोरोनाचं सक्तीचं दीड मीटर अंतर आणि शिवाय एक गोऱ्हा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी दोघांचे कागद जुळवायला बसले. हार्मच्या कागदावर प्रत्येक नंबरपुढे एक नाही, दोन आकडे. सतरा नंबर: दोन, चार. अठरा नंबर: एक, चार. एकोणीस: तीन, पाच.

मला वाटलं, त्याने दोनदा गुण दिले. दुसऱ्या दिवशी विचारलं, "हा दुसरा आकडा कसला?"

"पहिला गोऱ्ह्याचा," हार्म म्हणाला. "दुसरा तुझा."

मी हसले, पण तो हसला नाही. म्हणाला, "दार उघडताना तू श्वास रोखून धरतेस. त्यांना ते ऐकू येतं."

त्या दिवसापासून मी दार उघडण्याआधी मुद्दाम श्वास सोडायला लागले. घाबरलेली होते हे खरंच होतं. नवा देश, बंद दारं, घरचे सात हजार किलोमीटरवर. पण ते एखाद्या कागदावर असं आकड्यात लिहून येईल असं वाटलं नव्हतं. जूनपर्यंत माझा दोन आला होता. हार्म म्हणाला, "आता तूही भरायला लागशील."

* * *

ऑगस्टमध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी मंडळींनी ऑनलाइन गणपती ठेवला. मला फारसं कुणी ओळखत नव्हतं. आरती झाली, सगळ्यांचे आवाज पुढे-मागे झाले, कुणाची टाळी कुणाच्या ओळीवर. मग ओळख परेड सुरू झाली. एक आयटी, दुसरा आयटी, तिसरी बँकेत, चौथा डेल्फ्टला पाण्यावर संशोधन करतोय.

माझी पाळी आली. गणपतीसमोर 'बीफ' म्हणायचं कसं? मी म्हणाले, "मी पशुवैद्यक आहे, जनावरांच्या स्वभावावर काम करते."

"अरे वा, कशासाठी?" सूत्रसंचालकाने विचारलं.

आता खोटं बोलणं जिवावर आलं. मी सरळ सांगितलं. मी स्वतः खात नाही, पण ही जनावरं त्यासाठीच वाढवतात, आणि जगतील तेवढे दिवस ती न घाबरता जगली तर त्यांचं आणि शेतकऱ्याचं, दोघांचं भलं होतं. त्यावर काम करते.

पडद्यावर बावीस चौकोन, एकही हलेना. मला वाटलं, संपलं. पुढच्या वर्षी बोलावणं नाही. तेवढ्यात एका चौकोनातून सुलभाकाकू बोलल्या. त्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यामुळे नवऱ्यासकट इथेच अडकल्या होत्या.

"म्हणजे काय गं, जो शांत राहतो त्याचं वजन वाढतं?"

"हो काकू. साधारण तसंच."

काकूंनी कॅमेरा जरासा फिरवला. मागे सोफ्यावर काका टेकून बसले होते, पोटावर मोदकांची ताटली.

"मग आमच्या ह्यांचं बरोबर आहे," काकू म्हणाल्या.

बावीसच्या बावीस चौकोन हसले. आठवड्याने काकूंच्या सुनेचा फोन आला की आईंना गोठा बघायचाय, नियम सैल झाले की आणू का?

* * *

सप्टेंबरमध्ये वेग मोजणारा सेन्सर बिघडला. दुरुस्तीवाला म्हणाला, सहा आठवडे येणार नाही. एवढी मापं गेली असती तर माझं एक वर्ष गेलं असतं. केदार माझा अकोल्याचा शाळेतला वर्गमित्र, आइंडहोव्हनला चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करतो. तो म्हणाला, "मी येतो. तसाही घरात बसून भिंती मोजतोय."

केदारने आयुष्यात गाईला हात लावलेला नव्हता. लहानपणी रस्त्यात गाय दिसली तर हा गल्ली बदलायचा. हार्मने त्याला गोठ्यात जाण्यासाठी पांढरा डगला दिला, डोक्यापासून पायापर्यंत. केदार म्हणाला, "अरे, हा तर माझा ऑफिसचा ड्रेस." तो खरोखर क्लीनरूममध्ये काम करायचा. तिथे धुळीचा कणसुद्धा चालत नाही.

त्याने दोन तासांत सेन्सर जोडला. कारण कळलं ते असं की एका गोऱ्ह्याने वायर चाटून चाटून मऊ केली होती. चाचणी म्हणून आम्ही दहा गोऱ्हे घेतले आणि दाराशी केदारला उभं केलं. दहाच्या दहा गोऱ्हे खोड्यात उभे राहिले आणि चालत बाहेर पडले. एकतीस नंबरसुद्धा. एकतीस नंबर म्हणजे आमचा हमखास पाच.

हार्म बराच वेळ बघत होता. मग त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "हा किती वर्षं जनावरांमध्ये आहे?"

"आज पहिला दिवस."

हार्मचा विश्वास बसेना. मी केदारला विचारलं, तू केलंस काय? केदार म्हणाला, "काही नाही. क्लीनरूममध्ये हळू चालायची सवय आहे. झटकन हात हलवला की धूळ उडते."

पुढच्या खेपेपासून मीही धूळ न उडवता चालायला लागले.

* * *

शरद ऋतूत कामावर मास्क आले आणि आमचे आकडे बिघडले. एकाच फेरीत सगळे गोऱ्हे अस्वस्थ. एकवाले तीनवर, तीनवाले पाचवर. एल्सा स्क्रीनवर कपाळाला हात लावून बसली. "खाद्य बदललं? खोडा हलवला? नवीन कुत्रा आणला?" सगळ्याचं उत्तर एकच, 'नाही'.

"मास्कला बिचकत असतील," मी म्हटलं. म्हणून आम्ही मास्क लावून गोठ्यात नुसतेच आठवडाभर फिरलो. काही फरक नाही.

शेवटी हार्मच्या बायकोने, आन्नेकेने, उलगडा केला. ती कॉफी घेऊन आली होती, दाराशी थांबून दोन गोऱ्हे बघितले आणि म्हणाली, "हा गात का नाहीये?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हार्म माणसांशी बोलत नाही, पण गोऱ्हा खोड्यात आला की काहीतरी गुणगुणत असतो. चाल नाही, शब्द नाहीत, मधूनमधून फक्त 'रुस्तख, रुस्तख', म्हणजे शांत, शांत. मी सहा महिने ते ऐकत होते आणि ऐकलंच नव्हतं.

"मास्कमध्ये दाढी ओली होते," हार्म म्हणाला.

आम्ही त्याला तीन मीटर लांब, मास्कशिवाय उभं केलं. गाणं सुरू, गुण जागेवर. माझ्या प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात आजही एक वाक्य आहे: 'मोजणीच्या संपूर्ण काळात पशुपालक आवाज करत होता.' परीक्षकांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

* * *

पहिली तुकडी जानेवारीत कत्तलखान्यात जायची होती. मला त्या दिवसाची भीती होती, ते लपवत नाही. जनावर आधी फार घाबरलं तर अंगातली साखर संपते, मांस काळपट आणि कोरडं होतं. एवढी माहिती पुस्तकात होती. पण एकतीस नंबर घाबरेल हे मला पुस्तकाशिवाय माहीत होतं.

आदल्या दिवशी मी आणि एल्सा फोनवर बोललो. दोघींचं मत एकच, एकतीसचं मांस काळं निघणार. हार्मला सांगितलं, तर तो म्हणाला, "नाही निघणार," आणि गवत टाकायला निघून गेला.

सकाळी ट्रक आला. हार्मने एकतीसला एकटं चढवलंच नाही. आठ नंबर म्हणून एक ढिम्म गोऱ्हा होता, जन्मभर एकच गुण मिळवलेला. त्याला पुढे काढलं, एकतीसला त्याच्या अंगाला लावून मागे. दोघं शेजारी उभे राहिले. हार्म स्वतः ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेला, खिडकी उघडी ठेवून, त्या थंडीत. तो गात होता की नाही ते मला माहीत नाही. मी गोठ्यात राहिले आणि रिकामा खोडा धुतला. दोनदा धुतला.

एकतीसचं मांस लाल निघालं, इतर कुठल्याही शांत गोऱ्ह्यासारखं. एल्साने आलेखावर त्या ठिपक्याभोवती गोल काढला आणि म्हणाली, "हा अपवाद आहे, सोडून देऊ."

हार्म आमच्या व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा आणि शेवटचं बोलला. म्हणाला, "अपवाद नाही. त्याला सोबत होती."

एल्सा दहा महिने एकटी एका फ्लॅटमध्ये होती. तिने तो गोल पुसला. दुसऱ्या तुकडीत आम्ही 'शेजारी कोण' असा रकाना वाढवला, आणि आज हार्मच्या भागातले बरेच शेतकरी जोड्या लावूनच जनावरं ट्रकमध्ये चढवतात.

* * *

हा शेवटचा शेरा. बाबा आज ठणठणीत आहेत, म्हणून सांगता येतो.

मे २०२१. अकोल्यात बाबा ऑक्सिजनवर होते. माझे बाबा निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मोटरसायकलवरून गावोगावची जनावरं बघितली. आता चार दिवस ते कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. खात नव्हते, मान वळवत नव्हते. दादा म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, श्वास सुधारतोय, पण यांनी मनावर घ्यायला हवं." मला जाता येत नव्हतं. वॉर्डात रोज पाच मिनिटं व्हिडिओ कॉलची परवानगी होती. दादा पीपीई किट घालून फोन धरायचा.

त्या दिवशी आमची मोजणी होती, पण माझं लक्ष काट्यावर नव्हतं. हार्मला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "तू बोल, मी थांबतो." मी गोठ्यातच फोन लावला. बाबा डोळे मिटून पडले होते. मी हवा-पाणी सांगितलं, जेवण सांगितलं, आईची तब्येत सांगितली. ते डोळे उघडेनात. तीन मिनिटं गेली आणि माझ्याकडचं बोलणं संपलं. मला रडायचं नव्हतं, म्हणून मी कॅमेरा उलटा केला आणि नुसता गोठा दाखवत उभी राहिले.

चाळीस नंबरचा गोऱ्हा चौकस होता. तो आला, फोन हुंगला आणि जोरात फुस्स केलं. तिकडे आवाज गेला. बाबांनी डोळे उघडले.

मी हात मागे घेतला, म्हणजे अख्खा गोऱ्हा दिसेल. बाबा बघत राहिले. मग त्यांनी तोंडावरचा मास्क बोटाने जरासा बाजूला केला.

"वजन किती याचं?"

"पाचशे चाळीस," मी म्हणाले. "आत्ताच घेतलं, तासाभरापूर्वी."

"बाबा, मास्क लावा," दादा म्हणाला. बाबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी परत चाळीसकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे, पाठीकडे, पोटाकडे.

"वाटत नाही. परत घे."

मी हार्मला सांगितलं, चाळीसचं वजन पुन्हा घ्यायचंय. का, ते त्याने विचारलं नाही. खोड्याचं दार उघडलं आणि गुणगुणायला लागला. चाळीस नंबर चालत आत गेला आणि उभा राहिला. मी फोन काट्याच्या आकड्यासमोर धरला. आकडा हलला, खाली गेला, वर आला, थांबला.

पाचशे अठरा.