ताईच्या मापाचा ड्रेस

जून आला की माझ्या वयाची माणसं शाळेच्या आठवणींनी हळवी होतात. नव्या वह्यांचा वास, ब्राऊन पेपरची कव्हरं, पावसाळी चपला वगैरे. मला त्या वासाचं फारसं काही वाटत नाही. मला एक ड्रेस आठवतो, आणि तो आठवतानाही मी थंडच असते.

उंब्रजजवळच्या आमच्या शाळेत सातवीपर्यंत मुलींना पांढरा ब्लाऊज आणि निळा स्कर्ट होता. आठवीपासून आकाशी कमीज, पांढरी सलवार, पांढरी ओढणी. मुलगे आठवीला हाफ पँटीतून फुल पँटीत जायचे आणि आठवडाभर उगाच खिशात हात घालून हिंडायचे. आमची फॅशन म्हणजे ओढणी. घड्या बरोबर चार बोटांच्या हव्यात, दोन्ही खांद्यांवर पिना हव्यात आणि पिना दिसल्या की सगळं मुसळ केरात. या कामात माझी ताई उस्ताद होती. पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरून ती इस्त्री करायची आणि ओढणी वळकटीखाली दाबून ठेवायची. ती नववीत असताना दहावीच्या मुली तिच्याकडून पिना लावून घ्यायच्या.

घरचा नियम असा होता की नवा कपडा ताईला आणि तिचा जुना मला. माझ्या प्रत्येक स्कर्टवर उसवलेल्या दुमडीची रेघ असायची. ताई कुठल्या वर्षी किती उंच होती, ते माझ्या गुडघ्यांपाशी कुणालाही वाचता आलं असतं. यावरून मी घर डोक्यावर घ्यायचे. ताई हसायची आणि मला चिडवायची, "थांब की, माझं लगीन झालं की समदं नवंच मिळंल तुला."

मी सातवी पास झाले, ती नववी. त्याच उन्हाळ्यात तिला सांगलीकडचं स्थळ आलं. मुलगा फौजेत होता, दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला. सुट्टी संपायच्या आत लग्न उरकायचं, असं ठरलं. आमच्या भागात लग्नाची तारीख पंचांगाइतकीच फौजेच्या रजेवर ठरायची. ताई वडिलांना एकदाच म्हणाली, "आवं आण्णा, धावी तरी हुंदे."

"रजा काय आपल्या हातात हाय व्हय?" आण्णा म्हणाले. "तिकडं बी शाळा हाय की. बघतील ते."

ते वाईट नव्हते. त्यांना ते खरंच वाटत होतं. मला मात्र त्यांचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी कराडच्या दुकानात गेली. मे महिना असल्यामुळे एका फळीवर शालू होते आणि शेजारच्याच फळीवर शाळेच्या कापडाचे तागे. ताईच्या पुढ्यात साड्यांचा ढीग पडत होता आणि ती प्रत्येकीला मान डोलवत होती. सगळ्यांचं झाल्यावर मामानं मला विचारलं, "करवले, तुला काय घ्यायचं? झगमग घागरा बघ एकादा."

मी म्हणाले, "शाळेचा ड्रेस."

सगळं दुकान हसलं. नवरदेवाची आत्या म्हणाली, "लय हुशार हाय की पोरगी." दुकानदारानं माप विचारलं. दरवर्षी ताई काय सांगायची ते मला पाठ होतं, तेवढंच मी सांगितलं. आईनं माझ्या किरकोळ अंगाकडं पाहिलं, पण व्याह्यांसमोर ती गप्प राहिली. ताईनं मान वर केली नाही.

माझं गणित बालिश होतं, पण मी ते मनापासून मांडलं होतं. नवं कापड ताईचं, हा घरचा नियम. तिच्या मापाचा शाळेचा ड्रेस शिवून घरात आला, तर तो घालायला तिला शाळेत पाठवावंच लागेल. शिंप्याकडंही मी टेपला अंगाशी येऊ दिलं नाही. त्याच्या वहीत ताईचं माप होतं. "त्याच मापानं शिवा," मी म्हणाले. आईला वाटलं, पोरीला अक्कल आली. "वाढतं अंग हाय," ती शिंप्याला म्हणाली. "तीन वर्सं बघाया नगं."

हळदीच्या दिवशी ड्रेस शिवून आला. आईनं तो खुंटीला अडकवला. त्या गडबडीत कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. लग्नात मी हातात करा घेऊन ताईच्या मागं उभी राहिले. तिला निरोप देताना सगळ्या बायका रडल्या. मला रडू आलं नाही. गाडी हलली तेव्हाही माझ्या डोक्यात एवढंच होतं की ड्रेस अजून खुंटीलाच आहे.

शाळा उघडली आणि तो मी घातला. खांदे कोपराकडं उतरले होते, बाह्यांत हात हरवले होते. वर्गातल्या मुली मला तंबू म्हणू लागल्या. आयुष्यातला पहिला नवाकोरा ड्रेस, पण मला त्याचा आनंद झाला नाही. दुःख झालं असंही नाही. सकाळी घालायचा, संध्याकाळी काढायचा.

आठवीचा आणि दहावीचा वर्ग शेजारी होते, मध्ये नुसता पत्रा. हजेरी एकाच वेळी चालायची आणि सर नंबर घ्यायचे. ताईचा नंबर एकोणतीस. पत्र्यापलीकडून ऐकू यायचं, अठ्ठावीस, हजर. एकोणतीस. मग काहीच नाही. मग तीस, हजर. असं आठवडाभर चाललं. नंतर सर अठ्ठावीसनंतर थेट तीस म्हणू लागले.

आखाडात ताई माहेरी आली. शनिवारी सकाळची शाळा करून मी घरी आले, तर ती मधल्या खोलीत होती. ड्रेस माझ्या अंगावर होता. तिनं तो नुसता हातानं चाचपला आणि म्हणाली, "दे की जरा."

मी तो काढून दिला. तिनं घातला. खांदे खांद्यावर बसले, बाह्या मनगटाशी थांबल्या. शिंप्याची कुठं चूक नव्हती. मंगळसूत्र तिनं गळ्यातून आत सरकवलं. आई दारात आली, बघत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "काढ बाई, कुणी तरी यील." मग चुलीकडं निघून गेली.

ताईनं मला विचारलं, "माझा नंबर अजून घेत्यात का गं?"

"व्हय," मी म्हणाले. "रोज घेत्यात. सर थांबत्यात जरा."

तिनं मान डोलवली, बस्त्यात डोलवत होती तशीच. ड्रेस काढला, तांब्यात निखारे भरून त्याला इस्त्री केली, ओढणीच्या चार बोटांच्या घड्या घातल्या. सोमवारी सासरी जायच्या आधी माझ्या खांद्यांवर पिनाही तिनंच लावल्या. एकही दिसत नव्हती.

त्या सकाळी हजेरी सुरू झाली. पत्र्यापलीकडं अठ्ठावीस झाले आणि लगेच तीस. मी तिकडंच ऐकत राहिले आणि इकडं आमच्या सरांनी माझा नंबर दोनदा घेतला. मग त्यांनी मला गैरहजर मांडलं. मी पहिल्याच बाकावर होते, पण दुरुस्त करून घ्यायला उठले नाही.