चपलेने अडवलेलं दार

त्या शुक्रवारी मी कुकर लावला आणि तिसऱ्या शिटीच्या आत रांगोळी होईल, अशा हिशेबाने दाराबाहेर गेले.

आखातात, फरवानियातल्या आमच्या फ्लॅटचं दार सोडलं की आपोआप बंद होतं, आणि बाहेरून ते किल्लीशिवाय उघडत नाही. मी घरात असताना किल्ली आतून कुलपातच अडकवलेली असायची. म्हणून रांगोळीला बाहेर बसले की नवऱ्याची एक चप्पल दारात अडकवून ठेवायची, ही माझी पद्धत. अमेरिकेत आम्ही राहायचो तिथे जिन्यात कोणी रांगोळी काढू देत नसे. इथे कोणी काही म्हणत नाही, म्हणून दर शुक्रवारी मी काढते. आपल्या मुलीने निदान हे तरी बघावं, एवढंच त्यामागे होतं.

मुलगी तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. घरात मी तिला एकच शिस्त लावू शकले होते. चपला रॅकजवळ, जोडीने, एका रांगेत.

मी कमळाची दुसरी पाकळी काढत होते. ती दाराशी वाकलेली दिसली. मला वाटलं, बाहेर येतेय. तिने चप्पल उचलली, आत नेऊन दुसरीशेजारी ठेवली. दार खट्‌कन बंद झालं.

"गुड जॉब," ती आतून स्वतःलाच म्हणाली. मी नेहमी म्हणते तसं.

मग पहिली शिटी झाली.

तिला शिटीची भीती वाटते. ती दाराशी आली, रडायला लागली. "ममा, ओपन." मी खाली पालथी झाले आणि दाराखालच्या फटीतून बोटं आत घातली. तिने ती धरली. माझ्या बोटांची रांगोळी तिच्या बोटांना लागली असणार. माझा फोन आत होता. नवरा ड्यूटीवर, तासाभराच्या अंतरावर. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून समोरचं केरळी कुटुंब चर्चला गेलं होतं. इमारतीचा हारिस, म्हणजे आमचा रखवालदार, नमाजाला. ओट्यासमोर तिचं स्टूल होतं. त्यावर चढून ती रोज माझ्याबरोबर भाजी धुते. गॅसची बटणं तिथून हाताला येतात.

इमारतीत त्या वेळी कोण असेल ते मला माहीत होतं. तळमजल्यावरचे आठ बॅचलर. कोकणातले सुतार, प्लंबर, रंगारी. शुक्रवारी त्यांना सुट्टी असते.

मी हाक मारायला वेळ लावला. किती, ते सांगता येणार नाही, पण दुसरी शिटी मी गप्प बसून ऐकली, हे खरं आहे.

त्याचं कारण एक पत्र होतं. दोन आठवड्यांपूर्वी वरच्या मजल्यांवरच्या बायका आमच्याकडे जमल्या होत्या. तळमजल्यावर बॅचलर नकोत, असं घरमालकाला लिहायचं होतं. "तू अमेरिकन. कॉलेजात शिकतेस. तूच लिही," असं त्या म्हणाल्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे वडील तिकडे हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासायचे. माझे दोन विषय अजून राहिलेत, ते मी ऑनलाइन करते. माझ्याकडून आजवर कोणी काही लिहून मागितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. मी रात्रभर शब्द बदलत बसले. लहान मुलांची सुरक्षितता, असं लिहिलं. त्या पुरुषांनी वरच्या मजल्यांवर येऊ नये, असंही लिहिलं. ते वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं होतं.

तिसऱ्या शिटीला मी जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकले. आधी हिंदीत ओरडले, "कोई है क्या?" मग मराठीत, "अहो, कोणी आहे का? माझी मुलगी आत अडकलीय."

लुंगीवर शर्ट चढवत एक पन्नाशीचा माणूस वर आला. सुतार होता, येता-जाता पाहिलेला. दोन पायऱ्या खालीच थांबला.

"काय झाला, वहिनी?"

मी सांगितलं.

"चावी खंय?"

"आतून. कुलपातच."

"मगे दुसरी चावी असान पण उपेग नाय." तो खाली गेला. येताना पाण्याच्या बाटलीची कापलेली पट्टी आणली. ती दार आणि चौकटीमध्ये सरकवून त्याने दाबून पाहिलं, बाहेर काढली. "चेडू दाराक टेकान बसलाहा. तेका आधी बाजूक करा. ता टेकान रवला तर पट्टी जावची नाय."

मला कळलं, पण माझ्याने होईना. दारापासून बाजूला म्हणजे कुठे, तर त्या पॅसेजमध्ये, आणि पॅसेज स्वयंपाकघरावरूनच जातो. सुतार पट्टी आणायला गेला तेव्हा मी परत पालथी होऊन फटीतून तिची बोटं धरली होती, तेवढ्यानेच ती दाराशी थांबली होती. चौथी शिटी झाली आणि तिची बोटं माझ्या बोटांवर आवळली.

"वहिनी, पाणी आटतला कुकरातला," तो म्हणाला. आवाज न चढवता.

"बाळा," मी फटीतून म्हणाले, "बाबाची बाथरूमची चप्पल आण बरं. दोन्ही. इथे रांगेत ठेवायचीय."

"नो."

"बाबाची चप्पल हरवली. कोण शोधणार?"

मग बोटं सुटली. पावलं दूर गेली, आणि स्वयंपाकघरापाशी थांबली. मला ऐकू येत होतं ते थांबणं. सुताराने पट्टी आत सारली, खांद्याने दार रेटलं, पट्टी वाकवली, परत काढली, परत सारली. पाचव्या शिटीत दार उघडलं.

"आधी गॅस," तो म्हणाला.

ती पॅसेजमध्ये उभी होती. दोन्ही हातांत एकेक चप्पल, त्यामुळे कानांवर हात ठेवता येत नव्हते. तोंड उघडं, आवाज नाही. मी गॅस बंद केला आणि तिला उचललं. तिने चपला सोडल्या नाहीत.

तो बाहेरच होता. त्याच्या पायाने पाकळी पुसली गेली होती, त्याचंच त्याला वाईट वाटत होतं.

"आत या ना. चहा घ्या."

"नको. वर येवचा नाय असा लिवलाहा मा त्या पत्रात." तो जरासा हसला. "तुमीच लिवलास मा? हारिसान वाचून दाखवल्यान. म्हणी, इंग्लिश एकदम बरा आसा."

मी हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या घरी कोण कोण? गावाला बायको, तीन मुलं. धाकटीचं लग्न ठरत होतं. असं असून त्याला बॅचलर मी म्हटलं होतं, आणि लिहितानाही तो शब्द मला खटकला नव्हता.

"मी दुसरं पत्र लिहू का? मालकाला? मुलीबद्दल सांगते, आजचं सगळं."

त्याने पट्टी खिशात घातली. "लिवा. पण ह्या वेळेक आमची नावा विचारून लिवा."

मी संध्याकाळी वही घेऊन खाली गेले. मुलगी कडेवर होती. त्यांच्या दारात आठ जोड चपला अस्ताव्यस्त पडल्या होत्या. ती खाली उतरली आणि एकेक रांगेत लावायला लागली. मी दारातच बसून आठ नावं लिहून घेतली. दुसऱ्या पत्रावर वरच्या बायकांपैकी एकीनेच सही केली.

मालकाने उत्तर दिलं नाही. महिनाअखेरीला ते आठही जण खोली खाली करून लांब जहऱ्याला राहायला गेले. किल्ली आता माझ्या गळ्यात असते. शुक्रवारी रांगोळीला बसले की मुलगी आधी येऊन ती ओढून बघते.