परिघावरची माणसं आणि एक पुस्तिका

श्रावण संपत आला होता तेव्हा दिल्लीहून शाळेत एक जाड पाकीट आलं. आमची शाळा बोईसरहून महामार्ग ओलांडून डोंगराकडे गेलं की लागते. सिस्टर लोक चालवतात. मराठी माध्यमाची, पहिली ते दहावी. कॅथलिक शाळा म्हणून ती ओळखली जाते, पण माझ्या वर्गात ख्रिस्ती मुलं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी आसपासच्या पाड्यांवरची, आणि काही आमच्यासारखी, कारखान्यांसाठी घाटावरून आलेल्या घरांतली. मीही ख्रिस्ती नाही. नवऱ्याला तारापूरच्या वसाहतीत नोकरी लागली म्हणून सांगलीकडून इकडे आले, आणि आता बारा वर्षं या शाळेत मराठी शिकवते आहे.

मुख्याध्यापिका सिस्टरनी मला ऑफिसात बोलावलं आणि पाकिटातली पुस्तिका पुढे सरकवली. सिस्टर मूळच्या वसईच्या. बोलणं मोकळं, काम मात्र कडक.

"देशातल्या सगळ्या बिशपांची मिळून एक संस्था आहे ना, तिचं शिक्षणाचं ऑफिस दिल्लीत असतं. तिथून आलंय," त्या म्हणाल्या. "आपल्या शाळांनी कसं वागावं, कुणाला आधी जवळ करावं, ते यात लिहिलंय. पालकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा म्हणतात. तुम्ही मराठी करा."

"पण सिस्टर, त्या ऑफिसाचा आपल्याशी संबंध काय? पगार सरकार देतं, परीक्षा सरकार घेतं."

सिस्टर हसल्या. "माझी आई मला पगार देते का? तरी अडलं की मी तिलाच फोन करते."

मी पुस्तिका घरी नेली. इंग्रजी कठीण होतं, पण मला उत्साह आला होता. पंधरा दिवस शब्दकोश उघडा ठेवून मी बसले. प्रत्येक इंग्रजी शब्दाला तोलामोलाचा मराठी शब्द शोधला. 'समाजाच्या परिघावरील घटकांचे सर्वसमावेशक सक्षमीकरण' असं एक वाक्य जमलं तेव्हा मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो जेवत होता. "छान आहे," म्हणाला, आणि अजून एक भाकरी मागितली.

पालकसभा सप्टेंबरात झाली. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. शंभरेक पालक आले, जास्त करून बायका. मी उभी राहून दहा मिनिटं वाचलं. वाचताना माझाच आवाज मला आवडत होता. संपलं तेव्हा सगळ्या जणी माझ्याकडे आदराने बघत होत्या, आणि तो आदर बघूनच मला कळलं की कुणाला काही समजलेलं नाही.

मग मागच्या रांगेतून एक बाई उठली. तिची मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात होती. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं भाताचं छोटं वावर, पावसावर पिकणारं.

"बाई," ती म्हणाली, "तुमी वाचलं ते चांगलंच असल. पन ते आमचेसाटी हाय का तुमचेसाटी?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तुमच्यासाठीच आहे."

"मंग आमाला कलंल असं सांगा ना."

सभा संपल्यावर मी तिच्यामागे गेले. मुलीला न्यायला ती रोज चार वाजता यायचीच. मी तिला म्हणाले, "उद्यापासून अर्धा तास लवकर येशील का? आपण दोघी मिळून लिहू." ती आधी लाजली, मग म्हणाली, "मना लिवता येत नाय." मी म्हटलं, लिहायचं काम माझं, तू फक्त ऐकायचं आणि कुठे अडतं ते सांगायचं.

अशी आमची बैठक सुरू झाली. व्हरांड्याच्या पायरीवर आम्ही बसायचो. ती येताना कधी काकड्या आणायची, कधी रानातली करटुली. मी एक ओळ वाचायचे. ती मान हलवायची, पण खरंच कळल्यावरची मान आणि नुसती हलवलेली मान यातला फरक मला तिसऱ्या दिवशी कळायला लागला.

'परीघ' या शब्दावर आम्ही अडलो.

"परीघ म्हंजे काय?"

मी काडीने मातीत गोल काढला. "हा गोल म्हणजे समाज. आणि ही कडेची रेघ, तो परीघ."

"ती रेग म्हंजे आमी?"

"हो."

"मंग मदी कोन हाय?"

मी काडी गोलाच्या मध्ये टेकवली आणि परत उचलली. ऑफिसच्या दारात सिस्टर उभ्या होत्या, त्या खदखदून हसल्या. "सांगा बाई, मध्ये कोण आहे ते मलाही कळू दे."

ती बाई मात्र हसली नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "असं नका लिवू. असं लिवा, ज्यांचे घरातला पोर पयल्यांदा शालेत जातंय, त्यांना शालेनी आदी बगायचं."

मी तसंच लिहिलं. इंग्रजी पुन्हा काढून ताडून पाहिलं. अर्थ जसाच्या तसा उतरला होता, आणि माझ्या वाक्यापेक्षा जास्त.

महिनाभरात सगळी पुस्तिका झाली, जेमतेम आठ पानांची. शेवटच्या दिवशी मी तिला ती पुरती वाचून दाखवली. गरिबीमुळे कुठल्याही मुलाची शाळा तुटू नये, या अर्थाची एक ओळ त्यात होती. ती ऐकून तिने मला थांबवलं.

"हे खरं हाय?"

"पुस्तिकेत आहे म्हणजे शाळेनं मानायचं."

"मंग दिवालीनंतर आमी भट्टीवर जातो तवा? होलीपर्यंत पोर तिकडंच. नाव हजेरीत रेतं, पन शाला तुटतेच ना?"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. भात घरात आलं की पाड्यावरची बरीच घरं कुलपं लावून भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलं बरोबर जातात. परत आली की मागच्या बाकावर बसतात आणि जोडाक्षरं विसरलेली असतात. दर वर्षी मी हजेरीत गैरहजेरीच्या खुणा करत गेले होते. त्या ओळीचं मी मराठी केलं, तेव्हासुद्धा मला त्या खुणा आठवल्या नव्हत्या. तिला एका वाचनात आठवलं.

मी तिला सिस्टरांकडे घेऊन गेले. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण ज्यांनी हे लिहिलं त्यांना विचारू." तिथल्या तिथे दिल्लीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

फोनवर एक फादर होते, त्या ऑफिसात काम करणारे. त्यांचं हिंदी केरळी वळणाचं, माझं सांगलीचं. आम्ही एकमेकांना सांभाळून घेतलं. सिस्टरनी प्रश्न सांगितला. फादरांनी विचारलं, "हा प्रश्न कोणी काढला?"

"एका आईनं," सिस्टर म्हणाल्या. "ती इथेच बसलीय."

फादरांनी तिला हिंदीत नमस्कार केला. तिने फोनकडे बघून हात जोडले.

ते म्हणाले, मी वचन देत नाही, पण दोन गोष्टी करू शकतो. देशात दुसरीकडेही आपल्या शाळांची मुलं अशी कामावर जातात. तिथल्या शिक्षकांनी एक कार्ड केलंय, मूल कुठपर्यंत शिकलंय ते त्यात लिहितात आणि मूल ते बरोबर नेतं. ते कार्ड पाठवतो. आणि भट्टी नेमकी कुठे आहे ते कळवा. जवळपास आपली शाळा असली तर मी त्यांच्याशी बोलतो.

ती बाई बाहेर आल्यावर म्हणाली, "मानूस बरा वाटला. पन लांब हाय."

मलाही तसंच वाटलं होतं. मोठ्या ठिकाणची माणसं फोनवर गोड बोलतात हा माझा अनुभव. पण आठ दिवसांनी कार्डाचा नमुना आला, आणि दसऱ्यानंतर भिवंडीजवळच्या एका शाळेतल्या सिस्टरांचा फोन आला. त्या सिस्टरांच्या दुसऱ्या धर्मसंघातल्या, आमच्या सिस्टरांशी आधीची ओळख नाही. "तुमची मुलगी आमच्याकडे येणार म्हणे," त्या म्हणाल्या. "एकटीच का? भट्टीवर अजून मुलं असतील ना?"

कार्डाचं मराठी मी एका संध्याकाळी केलं. यावेळी शब्दकोश काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी पायरीवर तिला वाचून दाखवलं, तिने दोन ठिकाणी बदल सांगितला, आणि मगच सिस्टरांना दिलं.

अडचण राहिली ती भट्टीपासून शाळा तीन किलोमीटर असण्याची. भट्टीचा मुकादम म्हणायचा, मुलं शाळेत धाडली तर त्यांना आणायला-न्यायला माणसं कामावरून उठणार. या गोष्टीत आम्ही कोणी काही करू शकलो नाही. ते तिने केलं. दिवाळीच्या आधी मुकादम पाड्यावर माणसं ठरवायला आला, तेव्हा ती आणि तिचा नवरा त्याच्यासमोर बसले. तिने मला नंतर सांगितलं, तिच्याच शब्दांत: "मी बोललू, पोर शालेत गेला तर आमी येव. नाय तर भट्ट्या लय हायेत." तिच्या मागे आणखी चार घरांनी तेच सांगितलं. मुकादमाने चहा संपवला, मान खाजवली, आणि भट्टीचा पाण्याचा टेम्पो सकाळी त्याच रस्त्याने जातो, त्यात मुलं बसतील, असं कबूल केलं. परतताना तिकडच्या शाळेची शिपाईबाई मुलांना चालत आणून सोडायची.

त्या हिवाळ्यात माझ्या वर्गातल्या सहा जागा रिकाम्या होत्या, पण मला त्या नेहमीसारख्या टोचल्या नाहीत. महिन्यातून एकदा तिकडच्या शाळेतल्या वर्गशिक्षिका बाईंचा फोन यायचा. त्या सांगायच्या, गुणाकार झाला, धडा आठ झाला, तुमच्या एका मुलाला चित्रं छान येतात. आम्ही दोघी एकमेकींना आजवर भेटलेलो नाही. तरी मला त्यांच्या वर्गाची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते माहीत आहे, कारण दुपारी तिथून ऊन येतं आणि मुलं पेंगतात अशी त्यांची तक्रार असते.

एकदा मी फादरांना आभाराचं पत्र लिहिलं. त्यांनी उत्तर पाठवलं की आठ पानांची ती मराठी पुस्तिका त्यांनी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या शाळांनाही दिली आहे, आणि 'मध्ये कोण आहे' हा प्रश्न ते आता शिक्षकांच्या शिबिरांत विचारतात. मी ते पत्र सिस्टरांना दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, "बघा, आपण त्यांना शिकवलं." मी म्हटलं, आपण नाही, तिनं. "तेच," सिस्टर म्हणाल्या, आणि शाळेच्या पालक समितीत तिचं नाव घातलं. पहिल्या बैठकीला ती आली, दाराशी बसली. सिस्टरनी स्वतः उठून तिला टेबलाजवळ खुर्ची दिली. त्या बैठकीत ती फक्त एकदाच बोलली, मुलींच्या संडासाच्या कडीबद्दल. चार दिवसांत कडी बसली.

होळीला सगळी घरं परत आली. तिने मला पाड्यावर बोलावलं, आणि नवऱ्यालाही आणा म्हणाली. आम्ही दुपारी मोटरसायकलवर गेलो. अंगण शेणाने सारवलेलं, बाहेर मुलांचा गोंधळ, कुठेतरी ढोल वाजत होता. मुलीने आत जाऊन कार्ड आणलं आणि माझ्या हातात दिलं. चारही घड्यांवर विटेच्या लाल मातीचे बोटांचे ठसे होते. आत तिकडच्या बाईंचं गोल अक्षर.

"वाच," मी म्हटलं.

तिने न अडखळता वाचलं. जोडाक्षरांपाशी मी उगाच श्वास धरून होते. तिचं वाचून झालं तेव्हा तिची आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मागे वळून विचारलं, "बरोबर वाचली का, बाई?"

"एकदम बरोबर."

"मंग जेवा आता," ती म्हणाली, आणि आमच्या दोघांच्या पुढ्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचा रस्सा ठेवला. माझ्या घाटावरच्या नवऱ्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोंबील मागून घेतला.